तीन रेझर आणि एक डोकं

भाद्रपद उतरणीला लागला की आमच्या मोरीला एक वास येतो. ओल्या चुन्याचा, शेवाळाचा आणि त्यात मिसळलेला दाढीच्या साबणाचा. पावसाळाभर भिंतींनी प्यालेलं पाणी याच सुमाराला आंबतं. लोकांना या दिवसांत तेरड्याची फुलं आठवतात, गौरीच्या फराळाचे वास आठवतात. मला मोरीच्या कडेला चिकटलेले दाढीचे केस आठवतात. राखाडी फेसात अडकलेले, मेलेल्या मुंग्यांसारखे. त्यांची मला किळस येते, आणि ती मी कोणापासून लपवत नाही.

परवा पितृपंधरवडा लागला. मोरी घासताना कोनाड्यातलं पात्यांचं पुडकं हाताला आलं. तेलकट कागद, त्यावर गंजाचा तांबूस डाग. गंजलेलं पातं सरळ फेकून द्यावं, एवढी साधी गोष्ट. पण मी ते चिमटीत धरून उभी राहिले आणि चार वर्षांपूर्वीचा भाद्रपद समोर आला. तो काही गोड नव्हता.

तेव्हा आम्ही चिंचवडात नव्या बांधलेल्या चार बिऱ्हाडांच्या चाळीत नुकते राहायला आलो होतो. आजूबाजूला शेतं होती, पण शेतातली माणसं सायकलीवर बसून कंपनीत जायला लागली होती. माझे यजमान औषधाच्या कारखान्यात, बाटल्या भरतात त्या विभागात होते. तिथं हनुवटीवर खुंट दिसला तर दारातूनच परत पाठवत. त्यामुळे पूर्वी आठवड्यातून एकदा न्हाव्यापुढे बसणारी माणसं रोज सकाळी आरशापुढे उभी राहू लागली. प्रत्येकानं आपापला सेफ्टी रेझर घेतला, आणि त्या दिवसापासून चाळीतल्या पुरुषांना बोलायला दुसरा विषय राहिला नाही.

नळ सगळ्यांचा एक. सकाळी मी कळशी घेऊन उभी, आणि पुढे हे लोक एकमेकांचे गाल चाचपत असायचे.

"बघ राव, फिरव हात. काचेवरनं फिरवल्यागत वाटतं का न्हाई?" हे आमच्या शेजारचे जाधव. साताऱ्याकडचे, फिटर.

"वाटतं. पण गळ्याखाली राहिलंय भावा तुझ्या. तिथं उसाचा खोडवा हाय," असं म्हणून दुसरा हसायचा, आणि मग तो गळाही चाचपून व्हायचा.

जाधवांच्या रेझरला खाली चावी होती. ती फिरवली की वर दोन दारं उघडायची, आत पातं ठेवायचं, उलटी फिरवली की दारं बंद. यजमानांचा विलायती होता. जड, पितळेचा, वर चकचकीत मुलामा, मखमलीच्या डबीत ठेवलेला. एका पात्यात दाढ्या किती, यावर दोघांची रोज हुज्जत. यजमान दहा म्हणत. त्यासाठी ते पातं काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाला घासून धार काढत. त्याच पेल्यातून मी पाहुण्यांना कोकमाचं सरबत देत होते, हे मला तीन महिन्यांनी कळलं. पेला फोडून टाकला. यजमान हळहळले, अशी बरोबर गोलाईची काच पुन्हा मिळायची नाही म्हणाले.

हे सगळं ओंगळ होतं, पण हसण्यावारी नेण्याजोगं होतं. वस्तऱ्याची दुसरी गोष्ट आमच्या मागच्या अंगणात होती. तिच्याबद्दल नळावर कोणी बोलत नसे.

यजमानांच्या आत्या, आत्याबाई, आमच्याकडेच राहत. साठी उलटलेली. बाराव्या वर्षी नवरा गेला, आणि पुढे शहाण्या झाल्या तसं घरच्यांनी त्यांना न्हाव्यापुढे बसवलं. तेव्हापासून आलवण, एकवेळचं जेवण, आणि दर पंधरा दिवसांनी डोकं. आम्ही गावातल्या जुन्या घरी होतो तेव्हापासून चिखलीहून गणू न्हावी यायचा. मागच्या दारानं. आत्याबाई गोणपाटावर भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ती पंधरा मिनिटं घरात कोणी बोलत नसे. फक्त खर्र, खर्र असा आवाज. मग त्या आंघोळ करायच्या आणि सोवळ्यानं स्वयंपाकाला लागायच्या. त्यांच्या हातचा वरणभात देवाला, पितरांना, आम्हाला, सगळ्यांना चालायचा. कारण डोकं स्वच्छ होतं.

मी त्या आवाजाला सरावले होते. आता लिहिताना लाज वाटते, पण सरावले होते हे खरं.

त्या श्रावणात गणू आला तो खाकी कपड्यांत. हातात धोपटी नव्हती.

"वैनी, हितनं फुडं म्या यायचा न्हाई. कंपनीत वॉचमन लागलो."

"मग दुसरं कोणी धाड."

"कोन येनार? पोरं न्हाई म्हनत्यात." त्यानं सायकल भिंतीला टेकवली. "राग मानू नका, पर सांगतो. बापाच्या मागं बसून शिकलो तवापासनं ह्या कामाला माझं पोट ढवळतं. हितनं गेलं का त्या दिशी जेवान जात न्हाई. घरवालीला ठावं हाय."

"मग इतकी वर्षं आलास कशाला?"

"तुमीच बोलवत व्हता की."

तो सायकलवर बसून गेला. एवढी वर्षं माझी समजूत होती की मळ त्याच्या हातांचा, वस्तऱ्याचा, त्या गोणपाटाचा. बोलावणारा हात माझा होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आत्याबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. निवडून झाले, सूप बाजूला ठेवलं, आणि डोक्यावरून हात फिरवला. "पंधरवड्यापुरतं चालेल," म्हणाल्या. चाललं नाही. केस बोटांना लागायला लागले तसा त्यांनी स्वयंपाकघरात जायचं सोडलं, आणि भातही सोडला. केस आलेल्या विधवेनं शिजवलेलं कोणाला पोचत नाही आणि तिनं शिजलेलं खाऊ नये, असा त्यांचा हिशेब. दूध, केळं, चार शेंगदाणे. गौरी जाईपर्यंत डोक्यावर पेराएवढे केस आले, पांढरे, भुरभुरीत, आणि उठताना त्या दाराची चौकट धरायला लागल्या. पितृपंधरवड्यातल्या सप्तमीला माझ्या सासऱ्यांचं श्राद्ध. सासरे म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ. त्या दिवशीचा स्वयंपाक त्यांचाच असायचा. आणि पंधरवडा एकदा लागला की वस्तरा लावायचा नाही. म्हणजे काय ते पौर्णिमेच्या आत, नाहीतर पुढचे पंधरा दिवस दुधावर. तितके दिवस त्या निभतील असं मला दिसत नव्हतं.

"वाढू द्या की केस," मी म्हटलं. "गणूलासुद्धा पटत नव्हतं. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

"तू म्हणतेस ते खरं असेल, सुमती," त्या म्हणाल्या. "पण पन्नास वर्षं मी ज्याच्यापायी डोकं दिलं ते खोटं होतं, असं या वयात कळून मी काय करू? तेवढं तरी खरं राहू दे."

मी यजमानांना गाठलं. ते आरशापुढे जीभ गालात घालून गाल फुगवत होते.

"तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"हे बायकांचं," ते म्हणाले. "शास्त्रात मी कशाला पडू?"

"आणि पंधरवड्यात तुम्ही रोज दाढी करणार ती?"

"ती निराळी गोष्ट. कंपनीचा नियम आहे."

कंपनीपुढे शास्त्र वाकतं, बाईच्या डोक्यापुढे वाकत नाही, हे मला त्या आरशातल्या साबणानं माखलेल्या चेहऱ्यानं शिकवलं. मी पिशवी उचलली आणि गाडीनं कासारवाडीला गेले.

स्टेशनबाहेर करीमभाईंचं दुकान होतं. कुलपं, खिळे, कंदिलाच्या काचा आणि एका बरणीत रेझर. करीमभाई गिऱ्हाइकाला पातं आपल्या हातावर चालवून दाखवायचे. कोपरापासून मनगटापर्यंत त्यांच्या हातावर केसांचे चौकोन उडालेले होते, कापणीच्या शेतासारखे.

"बोला वहिनी. गाल कसा आहे साहेबांचा? कडक का नरम?"

"गाल नाही. डोकं आहे. म्हातारीचं."

त्यांचा हात थांबला. बाजूच्या बाकावरचे दोघे एकदम रस्त्याकडे बघायला लागले. करीमभाई मात्र खोकले आणि नीट बोलले. "डोक्याला हे कामाचं नाही, वहिनी. हे गालासाठी बनवलंय. केस दातऱ्यात अडकणार. आधी कात्रीनं बारीक करा, मग चालवा, दर दोन हातांनी धुवा. आमच्यात हजहून येताना माणूस डोकं उतरवून येतो. पण तो खुशीनं." मग जरा खालच्या आवाजात, "यांची खुशी आहे ना?"

"भूक आहे," मी म्हटलं.

त्यांनी पत्र्याचा एक साधा रेझर दिला. हातावर चालवून दाखवला नाही, एवढं त्यांचं सौजन्य.

पौर्णिमेला तीन दिवस होते. यजमान कामावर गेल्यावर मी मागच्या अंगणात गोणपाट घातलं. साबण नको, त्यात चरबी असते, असं आत्याबाईंनी आधीच बजावलं होतं. म्हणून शिकेकाईचं पाणी आणि बेसन. कात्रीनं केस उतरवले. ते भिजलेल्या बेसनात कालवले जाऊन माझ्या बोटांना चिकटले, नखांत शिरले. शिकेकाईचा, ओल्या केसांचा आणि उपाशी माणसाच्या श्वासाचा वास. मी तोंडानं श्वास घ्यायला लागले. मग डोकं दिसलं. पन्नास वर्षांच्या वस्तऱ्यांच्या बारीक बारीक खुणा, कुठं पांढऱ्या, कुठं तांबूस. मानेजवळ एक लांब व्रण होता.

"हा कधीचा?"

"पहिल्या दिवसाचा. मी हलले."

पत्र्याचा रेझर मी आधी कानामागे लावला. पातं आत सरळ बसलंच नव्हतं. एक बाजू नुसती घसरत होती आणि दुसरी चावत होती. तीन हातांत दोन ठिकाणी रक्त आलं. आत्याबाई हूं की चूं करेनात. त्याचाच मला जास्त राग आला. तो रेझर मी बादलीत टाकला, तुरटी फिरवली आणि भिंतीपलीकडे हाक मारली, "कुसुम!"

कुसुम म्हणजे जाधवांची बायको. भिंतीवरून डोकावली आणि सगळं एका नजरेत समजली.

"जाधवांचा रेझर दे. तासाभरात परत करते."

"अगं बाई, वैनी! ह्यांना कळलं तर मला साताऱ्याला धाडतील." पण आत गेली, आणि पदराखाली घेऊन आली. "अडीचला पहिली शिफ्ट सुटते. त्याच्या आत द्या. आणि उकळत्या पाण्यात घाला. न्हाई, दोनदा घाला."

दारांचा रेझर हाताला हलका. चालतोही छान, आवाज जवळजवळ नाहीच. पण करीमभाई म्हणाले तेच झालं. बेसन आणि केस त्या दारांत जाऊन बसले. दर वेळी चावी फिरवा, दारं उघडा, सुईनं कोरा, मिटा. कपाळापासून टाळूपर्यंत यायला तास गेला. भिंतीपलीकडून कुसुमची कुजबूज सुरू झाली, "वैनी, फाटकात सायकल वाजली. द्या, द्या लवकर!" मी रेझर चुलीवरच्या उकळत्या पाण्यात दोनदा बुडवून, पुसून दिला. जाधवांना आजतागायत पत्ता नाही. त्या संध्याकाळीही नळावर ते कोणाला तरी गाल चाचपायला लावत होते.

अंगणात आत्याबाई अर्ध्या डोक्यानं बसलेल्या. पुढचा भाग उघडा, मागं भुरभुरीत केस. त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. कोणत्याही माणसाची अशी अवस्था व्हावी, आणि ती आपल्या हातानं व्हावी, यापरती घाण मी आयुष्यात पाहिली नाही. मी आत गेले आणि मखमलीची डबी उघडली.

खरं ते सांगायला हवं. यजमानांचा रेझर सर्वांत उत्तम निघाला. त्याचं वजनच काम करत होतं. हात दाबावा लागत नव्हता. केस अडकले तर तीन तुकडे सुटे करून पाण्यात हलवले की मोकळा. दहा मिनिटांत डोकं पुरं झालं आणि एकही थेंब रक्त नाही. उद्या कोणी विचारलं तर मी सांगेन: पत्र्याचा घेऊ नका, स्वस्त म्हणून घ्याल आणि कातडी गमवाल. दारांचा गालापुरता ठीक. पैसे घालायचेच तर जड पितळेवर घाला, वीस वर्षं मरण नाही त्याला. तिन्ही रेझरांची अशी नीट परीक्षा चाळीतल्या एकाही पुरुषानं केली नव्हती. ती मी केली होती, एका म्हातारीच्या डोक्यावर.

आत्याबाईंनी टाळूवरून हात फिरवला. "तुझा हात गणूपेक्षा हलका आहे गं," त्या समाधानानं म्हणाल्या. मी मोरीत जाऊन तीनदा हात धुतले. तोवर त्यांनी आंघोळ करून भात टाकला होता. रात्री त्यांच्या हातचा वरणभात यजमानही जेवले. "आज चव आहे," असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशापुढून आवाज आला. "हे काय पातं आहे! दुसरी दाढी, आणि ओढतंय! आज जाऊन दुकानदाराच्या तोंडावर फेकतो."

मी पोळ्या लाटत होते. गप्प बसता आलं असतं. पण दुकानदाराचा यात दोष नव्हता.

"दुकानदाराला बोलू नका. पातं आत्याबाईंच्या डोक्यानं बोथट झालंय. उकळून ठेवलं होतं."

यजमानांचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. त्यांनी रेझरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "विधवेच्या डोक्याचं पातं माझ्या तोंडाला? अगं, मी जिवंत आहे अजून!" त्यांनी ते जड पितळ खिडकीतून फेकलं. पलीकडच्या डबक्यात डुबुक असा आवाज आला. मग ते थुंकले. गाल पुसला, पुन्हा पुसला, चार कळशा डोक्यावरून ओतून घेतल्या, उरलेल्या गालावर रुमाल धरून सायकलवर बसले. कुसुम भिंतीमागे तोंडात पदर कोंबून उभी होती. पुढे पिंपरीच्या नाक्यावर न्हाव्याच्या खुर्चीत राहिलेला गाल करून मग ते कामावर गेले.

मला हसू आलं नाही. माझं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. आत्याबाई तिथं उभ्या होत्या, आणि त्यांनी सगळं पाहिलं-ऐकलं होतं.

दिवसभर त्या चुलीकडे गेल्या नाहीत. जेवल्याही नाहीत. संध्याकाळी यजमान परतले, पाय धुऊन पाटावर बसले, तेव्हा त्या समोर आल्या.

"वामन, एक विचारते. ज्या डोक्याला लागलेलं पातं तुझ्या गालाला चालत नाही, त्या डोक्याच्या हातचा भात काल तुला कसा चालला?"

यजमान ताटातलं मीठ बोटानं सारखं करायला लागले.

"मला लहानपणी सांगितलं, डोकं भादरलं की तू स्वच्छ. म्हणून मी दिलं. वर्षानुवर्षं दिलं. आणि ते तर सगळ्यांत घाण निघालं."

"आत्या, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"थुंकलास तू. मी पाहिलं." त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "सुमती, आता पुन्हा त्या डोक्याला हात लावायचा नाही. कोणी आला तरी."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जे माझ्यानं, गणूच्यानं, एवढ्या उपासानं झालं नाही, ते एका थुंकीनं झालं, याची मला आजही किळस आहे. आणि एक भीती होती. डोकं भादरायचं नाही हे ठरलं, पण केस आले की भात सोडायचा, हे त्यांनी कुठं मोडलं होतं? मी रोज त्यांच्या पदराकडे चोरून बघत होते. पदराखाली पांढरं दिसायला लागलं. पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा दूध मागितलं. सहाव्या दिवशीही.

सप्तमीला पहाटे मला जाग आली ती चुलीच्या आवाजानं. आत्याबाई सोवळं नेसून बसल्या होत्या. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं त्यांच्याच हातचं. डोक्यावर तांदळाएवढे केस, उजेडात चमकणारे. भटजी ओसरीवर आले तसे यजमान घाईघाईनं आत आले.

"आत्या, पदर जरा पुढे घे. भटजींना दिसतंय."

"पदर आहे तिथंच आहे. तू पानं मांड."

पितरांचं पान मागच्या छपरावर ठेवायला त्या स्वतः गेल्या. पंधरवड्यात कावळे गावभर खाऊन सुस्त असतात, तासतास फिरकत नाहीत. मी आणि यजमान दोघंही दारात उभे, केस आलेल्या विधवेच्या हातचं पोचतं की नाही, हेच आता दोघांनाही पाहायचं होतं. आत्याबाई पान ठेवून मागे सरकत होत्या, तोच एक कावळा उतरला, वडा उचलला आणि तिथंच बसून खायला लागला. मी कावळ्यांत काही अर्थ पाहत नाही. वडा तळलेला होता आणि कावळा भुकेला होता. पण आत्याबाईंनी त्याला हात जोडले.

"पोचलं की दादाला," त्या म्हणाल्या.

भटजी जेवून दक्षिणा घेऊन गेले. यजमान पाटावर बसले, मान खाली घालून जेवले. मग आत्याबाईंनी स्वतःचं पान मांडलं, माझ्या शेजारी. त्यांच्यासाठी मी दुधाचा पेला पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"दूध कशाला? भात वाढ," त्या म्हणाल्या. "आणि हात आखडू नकोस."